४३१००१ : औरंगपुऱ्याच्या पत्त्यातली संख्या

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात जिल्हा परिषद आहे, सरस्वती भुवन आहे, भाजीमंडई आहे, पाठ्यपुस्तकांची दुकानं आहेत. यांपैकी कुठेही पत्र पाठवायचं, तर पत्त्याच्या शेवटी सहा आकडे लिहावे लागतात: ४३१००१. बँकेचा अर्ज, आधार कार्डावरचा पत्ता, घरपोच मागवलेल्या वस्तूंचं खोकं, सगळीकडे हेच सहा आकडे असतात. लिहिणाऱ्याच्या हाताला त्यांची इतकी सवय झालेली असते की ती चार लाख एकतीस हजार एक ही एक संख्या आहे, हे मनातही येत नाही.

टपाल खात्यासाठी या आकड्यांचा अर्थ ठरलेला आहे. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचा विभाग. ४३१ या तीन आकड्यांखाली छत्रपती संभाजीनगरसह जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड हा मराठवाड्याचा मोठा पट्टा येतो. शेवटचे तीन आकडे टपाल कार्यालयाचे. ही पिनकोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि तिची आखणी करणारे अधिकारी मराठी होते: श्रीराम भिकाजी वेलणकर. केंद्रीय दळणवळण मंत्रालयात ते अतिरिक्त सचिव होते आणि संस्कृत कवी म्हणूनही त्यांचं नाव होतं. एकाच नावाची अनेक गावं आणि पत्त्यांच्या अनेक लिप्या असलेल्या देशात पत्रं चुकू नयेत, हा या योजनेचा हेतू. औरंगाबाद नावाचं जिल्ह्याचं ठिकाण बिहारमध्येही आहे. त्याचा पिन ८२४१०१. आपल्या शहराचं औरंगाबाद हे नाव २०२३ मध्ये बदललं, ४३१००१ मात्र तसाच राहिला.

टपालाचा अर्थ माणसांनी दिलेला. संख्येला तिचा स्वतःचाही स्वभाव असतो आणि तो कुठल्याही खात्याच्या आदेशाने ठरत नाही. गणितज्ञ संख्यांचे गट पाडतात ते या स्वभावावरून. ४,३१,००१ कोणकोणत्या गटांत बसते, कुठे बसत नाही आणि त्यातलं कोणतं लक्षण खोलवरचं आहे, याचा शोध कागद-पेन्सिलीने घेता येतो.

अवयव

पहिला प्रश्न नेहमी एकच: ही मूळ संख्या आहे की संयुक्त? मूळ म्हणजे १ आणि स्वतः यांखेरीज कुणाचाही निःशेष भाग न जाणारी.

शेवटचा अंक १ आहे, म्हणजे संख्या विषम आणि ५ ने भाग जात नाही. अंकांची बेरीज ४ + ३ + १ + ० + ० + १ = ९. शाळेतली कसोटी सांगते की ९ ने भाग जाणार. तो जातो आणि ४७,८८९ उरतात. यातल्या अंकांची बेरीज ३६, म्हणून पुन्हा ९ ने भाग, उरतात ५,३२१. आता ३ संपले. ७, ११, १३ यांचा भाग जात नाही. १७ चा जातो आणि ३१३ मिळतात. ३१३ ला २, ३, ५, ७, ११, १३, १७ यांपैकी कुणाचाच भाग जात नाही आणि १९ चा वर्ग ३६१, म्हणजे ३१३ हून मोठा. त्यामुळे पुढे तपासायची गरज नाही. ३१३ मूळ आहे. म्हणून

४,३१,००१ = ३ × ३ × ३ × ३ × १७ × ३१३.

क्रम बदलण्याखेरीज ही मांडणी दुसऱ्या कुठल्याही प्रकारे होत नाही. प्रत्येक संयुक्त संख्येची मूळ अवयवांत एकच फोड असते, हा अंकगणिताचा मूलभूत सिद्धांत आहे, आणि संख्येची खरी ओळख तिथे पटते.

या फोडीतून बाकीची माहिती सरळ निघते. विभाजक किती? ३ चा वापर शून्यापासून चार वेळांपर्यंत, म्हणजे पाच प्रकारे करता येतो, १७ घेता किंवा सोडता येतो, ३१३ सुद्धा. ५ × २ × २ = २०. म्हणजे ४,३१,००१ ला वीस विभाजक आहेत. या सगळ्यांची बेरीजही वीस संख्या मांडत न बसता काढता येते: (१ + ३ + ९ + २७ + ८१) × (१ + १७) × (१ + ३१३), म्हणजे १२१ × १८ × ३१४ = ६,८३,८९२.

या बेरजेतून स्वतः संख्या वजा केली की उरतात २,५२,८९१. प्राचीन ग्रीकांनी संख्यांचे तीन वर्ग पाडले ते या बेरजेवरून. स्वतःखेरीज बाकीच्या विभाजकांची बेरीज संख्येइतकी झाली तर ती परिपूर्ण; उदाहरणार्थ ६ = १ + २ + ३, किंवा २८. बेरीज जास्त झाली तर विपुल, कमी पडली तर न्यून. औरंगपुऱ्याची संख्या न्यून आहे. १,७८,११० ची तूट आहे. यात नवल नाही, कारण विषम संख्या क्वचितच विपुल असतात. सर्वांत लहान विषम विपुल संख्या ९४५ आहे आणि तिच्यात ३, ५, ७ असे छोटे अवयव दाटीने आहेत. विषम परिपूर्ण संख्या तर आजवर एकही सापडलेली नाही. अशी संख्या असलीच, तर ती १ वर १५०० शून्यं मांडून होणाऱ्या संख्येपेक्षा मोठी असली पाहिजे, एवढं २०१२ मध्ये सिद्ध झालं. अशी संख्या असूच शकत नाही, हे मात्र अजून कुणी सिद्ध केलेलं नाही.

सहा अंकी संख्येचे अवयव पाच-दहा मिनिटांत पडतात. अंक वाढले की हे काम झपाट्याने अवघड होतं. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार संगणक क्षणात करतो, पण गुणाकारावरून त्या दोन संख्या शोधायला त्याला वर्षं लागू शकतात. इंटरनेटवरच्या गुप्ततेच्या एका मोठ्या पद्धतीचा पाया हाच आहे. 'आरएसए-२५०' या नावाने आव्हान म्हणून ठेवलेली २५० अंकी संख्या २०२० मध्ये फोडता आली, तीही असंख्य संगणक एकत्र राबवून. एखादी संख्या मूळ आहे की नाही, एवढंच विचारलं तर उत्तर सोपं पडतं. ते खात्रीने आणि वाजवी वेळात देणारी रीत २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी शोधली. ज्ञात असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झाली: २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १. तिच्यात चार कोटी दहा लाखांहून अधिक अंक आहेत.

देवळालीच्या मास्तरांच्या कसोट्या

आता अवयव बाजूला ठेवून नुसत्या अंकांकडे पाहू. या वाटेवरचा सर्वांत मोठा वाटसरू महाराष्ट्रातला आहे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. शिक्षण ठाण्यात आणि मग पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. १९२९ मध्ये पदवी घेतल्यावर १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षं ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठात जागा नाही. शोध लागले की ते स्वखर्चाने पुस्तिका छापत. लोक त्यांना गणितानंद म्हणत. पुढे मार्च १९७५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातल्या आपल्या सदरात मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्याविषयी लिहिलं आणि देवळालीच्या मास्तरांचं नाव जगभर गेलं.

कापरेकरांनी पाडलेल्या गटांपैकी एक म्हणजे हर्षद संख्या. जिला तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, ती हर्षद. १८ मध्ये १ + ८ = ९ आणि १८ ला ९ ने भाग जातो. १ ते १०० या संख्यांत अशा ३३ आहेत. ४,३१,००१ च्या अंकांची बेरीज ९ आणि ९ ने भाग जातोच, म्हणून ती हर्षद आहे.

शहरातल्या शेजारच्या पिनचं काय? छावणीचा ४३१००२, अंकांची बेरीज १०, शेवटी शून्य नाही, म्हणून हर्षद नाही. सिडकोचा ४३१००३, बेरीज ११, भाग जात नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा ४३१००४; बेरीज १२ आणि १२ × ३५,९१७ = ४,३१,००४, म्हणजे हर्षद. रेल्वे स्टेशनकडचा ४३१००५. बेरीज १३, भाग जात नाही.

छावणीची संख्या या कसोटीत मागे पडली, तरी दुसऱ्या एका कसोटीत तीच एकटी निवडली जाते. कुठलीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. २३ घेतले तर २३ + ५ = २८. तेव्हा २३ हा २८ चा जनक. कापरेकरांच्या लक्षात आलं की काही संख्यांना जनकच नसतो. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३ ही त्यांची सुरुवात. अशा स्वयंभू संख्यांना त्यांनी आपल्या गावाचं नाव दिलं: देवळाली संख्या. दर शंभर संख्यांमध्ये त्या साधारण दहा असतात.

४,३१,००१ ला जनक आहे का? इथे ९ पुन्हा मदतीला येतो. कुठलीही संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज यांना ९ ने भागल्यावर एकच बाकी उरते. म्हणून जनकाची जी बाकी असेल, तिच्या दुप्पट बाकी मिळालेल्या संख्येची होते. ४,३१,००१ ची बाकी ० आहे, म्हणजे जनकाची बाकीही ० आणि त्याच्या अंकांची बेरीज ९, १८ किंवा २७ असली पाहिजे; या टापूत बेरीज ३४ च्या वर जातच नाही. ९ वजा केले तर ४,३०,९९२, पण त्याची बेरीज २७. १८ वजा केले तर ४,३०,९८३, बेरीज पुन्हा २७. २७ वजा केले तर ४,३०,९७४ आणि त्याची बेरीज ४ + ३ + ० + ९ + ७ + ४ = २७. जुळलं. औरंगपुऱ्याच्या संख्येला एक, आणि एकच, जनक आहे: ४,३०,९७४.

छावणीच्या ४,३१,००२ साठी जनकाची बाकी ५ हवी, म्हणजे बेरीज ५, १४, २३ किंवा ३२. उमेदवार चार: ४,३०,९९७, ४,३०,९८८, ४,३०,९७९ आणि ४,३०,९७०. पहिल्या तिघांच्या अंकांची बेरीज ३२ येते, जिथे हवी होती अनुक्रमे ५, १४ आणि २३. चौथ्याची २३ येते, जिथे हवी होती ३२. एकही जुळत नाही. छावणीचा पिन देवळाली संख्या आहे. सिडको, विद्यापीठ आणि स्टेशन यांच्या पिनना मात्र जनक आहेत: ४,३०,९७५, ४,३०,९८० आणि ४,३०,९७६. खुद्द देवळाली कॅम्पच्या ४२२४०१ ला सुद्धा ४,२२,३८१ हा जनक आहे, म्हणजे देवळालीचा पिन देवळाली संख्या नाही.

कापरेकरांचा सर्वांत गाजलेला शोध १९४९ चा. चार अंकी संख्या घ्या. सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा, मोठीतून लहान वजा करा आणि उत्तरावर हेच पुन्हा करत राहा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतात आणि तिथेच मुक्काम पडतो, कारण ७६४१ − १४६७ = ६१७४. पिन पद्धतीचं वर्ष १९७२ घेतलं तर ८४४२, ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि ६१७४, अशा पूर्ण सात पायऱ्या लागतात.

सहा अंकांत असा एकच मुक्काम नाही. ५,४९,९४५ आणि ६,३१,७६४ या दोन संख्या आपल्या जागी स्थिर राहतात; याखेरीज सात संख्यांचं एक चक्र आहे. औरंगपुऱ्याची संख्या कुठे जाते? ४,३१,१०० − ००१,१३४ = ४,२९,९६६. मग ७,४९,९४३, मग ६,५२,६४४, मग ४,२०,८७६. इथून पुढे ८,५१,७४२, ७,५०,८४३, ८,४०,८५२, ८,६०,८३२, ८,६२,६३२, ६,४२,६५४ आणि पुन्हा ४,२०,८७६. चौथ्या पायरीला ती चक्रात शिरते आणि फिरत राहते.

एका कसोटीत मात्र ती नापास आहे. वर्ग करून त्याचे दोन तुकडे केले आणि त्यांची बेरीज त्याच संख्येइतकी आली, तर ती कापरेकर संख्या. ४५ चा वर्ग २०२५ आणि २० + २५ = ४५. सहा अंकांतलं सुंदर उदाहरण १,४२,८५७: तिचा वर्ग २०४०८१२२४४९ आणि २०४०८ + १२२४४९ = १४२८५७. ४,३१,००१ चा वर्ग १८५७६१८६२००१. तुकड्यांची बेरीज १०,४७,७६२. जुळत नाही.

अंकपाश आणि खडकी

संभाजीनगरहून कन्नडमार्गे घाट उतरलं की चाळीसगावच्या बाजूला पाटणादेवी लागते. तिथल्या १२०७ च्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून मठ स्थापल्याची नोंद आहे. स्थापणारा चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू आणि देवगिरीच्या यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. देवगिरीचा किल्ला औरंगपुऱ्यापासून पंधरा-एक किलोमीटरवर आहे.

भास्कराचार्यांच्या ११५० च्या 'लीलावती'त शेवटी अंकपाश नावाचं प्रकरण आहे. दिलेले अंक जागा बदलून मांडले तर किती संख्या होतात आणि त्या सगळ्यांची बेरीज किती, हे त्यात सांगितलं आहे. अंक पुन्हा आले असतील तर काय करायचं, हेही आहे. ४३१००१ मध्ये सहा अंक, १ दोनदा, ० दोनदा. सहांच्या मांडण्या ७२०. त्यांना २ आणि २ ने भागायचं, म्हणजे १८०. बेरजेची रीत अशी: मांडण्यांची संख्या गुणिले अंकांची बेरीज, भागिले अंकांची संख्या. १८० × ९ ÷ ६ = २७०. हे २७० एकं, दहं, शतक अशा सहाही स्थानी मांडून मिळवायचे, म्हणजे २७० × १,११,१११ = २,९९,९९,९७०. तीन कोटींना फक्त ३० कमी.

यात ज्यांच्या आरंभी शून्य आहे अशा ६० मांडण्याही आल्या. त्या पाच अंकांच्या किंवा त्याहून लहान संख्या आहेत. त्यांची बेरीज त्याच रीतीने ६० × ९ ÷ ५ = १०८, आणि १०८ × ११,१११ = ११,९९,९८८. 'लीलावती'त ४, ८, ५, ५, ५ या अंकांचं उदाहरण दिलेलं आहे. त्याच्या मांडण्या २०, अंकांची बेरीज २७, आणि २० × २७ ÷ ५ = १०८. म्हणजे तिथलं उत्तरही नेमकं ११,९९,९८८.

उरल्या १२० खऱ्या सहा अंकी संख्या. त्या सगळ्यांच्या अंकांची बेरीज ९, म्हणून १२० च्या १२० हर्षद. कापरेकरांच्या वजाबाकीत पहिली पायरी सगळ्यांची एकच, म्हणून सगळ्या त्याच सात संख्यांच्या चक्रात जातात.

यातल्या काही प्रत्यक्षात पिन आहेत. ४१३००१ हा सोलापूरचा. मराठवाड्यातले लातूर आणि धाराशिवही त्याच ४१३ च्या पट्ट्यात येतात. ४११०३० हा पुण्याच्या सदाशिव पेठेचा. ११००३४ दिल्लीतल्या पीतमपुऱ्याचा आणि ११००४३ नजफगढचा. आणि ४११००३ आहे पुण्याजवळच्या खडकीचा. मलिक अंबरने १६१० मध्ये ज्या गावाच्या जागी नगर वसवलं, ज्याचं पुढे फत्तेनगर आणि मग औरंगाबाद झालं, त्या गावाचं नावही खडकी होतं. दोन खडकींचे पिन त्याच सहा अंकांचे निघावेत, हा निव्वळ योगायोग आहे, पण मनात ठेवावा असा.

आता अवयव पाहिले की चित्र पालटतं. सोलापूरची ४,१३,००१ = ३ × ३ × १०९ × ४२१; विभाजक १२. पुण्याच्या खडकीची ४,११,००३ = ३ × ३ × ४५,६६७ आणि ही ४५,६६७ मूळ संख्या; विभाजक फक्त ६. औरंगपुऱ्याचे २०. अंक तेच, आतली घडण पूर्ण वेगळी.

वरवरचं लक्षण आणि आतलं लक्षण

इंग्रज गणितज्ञ जी. एच. हार्डी यांनी १९४० मध्ये 'अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी' या पुस्तकात अंकांच्या अशा गमतींवर कडक निकाल दिला. त्यांनी दोन उदाहरणं घेतली. एक: ८७१२ ही २१७८ च्या चौपट आहे आणि ९८०१ ही १०८९ च्या नऊपट, म्हणजे दोन्ही आपल्या उलट्या रूपाच्या पटीत; चार अंकी संख्यांत अशा याच दोन. दुसरं: १५३ = १³ + ५³ + ३³, आणि ३७०, ३७१, ४०७ या संख्याही आपापल्या अंकांच्या घनांच्या बेरजेइतक्या. हे कोड्यांच्या सदराला शोभेल, पण त्यात गणितज्ञाला भावेल असं काही नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. त्यांच्या दोन्ही उदाहरणांचा औरंगपुऱ्याच्या संख्येशी संबंध निघतो: १५३ तिचा विभाजक आहे (१५३ × २,८१७ = ४,३१,००१) आणि विभाजकांची बेरीज काढताना पहिला गुणाकार आला १२१ × १८ = २१७८.

हार्डींचा मुद्दा समजून घेण्यासारखा आहे. आपण दहांच्या पटीत मोजतो, म्हणून ४,३१,००१ चे अंक ४, ३, १, ०, ०, १ असे दिसतात. संगणक तीच संख्या द्विमान पद्धतीत ११०१००१००१११००११००१ अशी मांडतो. यात १ हा अंक दहा वेळा आला आहे, म्हणजे अंकांची बेरीज दहा. आणि संख्या विषम असल्याने तिला दहाने भाग जात नाही. द्विमान पद्धतीत ती हर्षद राहत नाही. हर्षद असणं, देवळाली असणं, सात संख्यांच्या चक्रात जाणं, हे सगळं लेखनपद्धतीवर अवलंबून आहे. ३ × ३ × ३ × ३ × १७ × ३१३ ही फोड मात्र कुठल्याही पद्धतीत तीच.

फोडीतून मिळणारं एक खोल लक्षण म्हणजे दोन वर्गांची बेरीज. कुठल्याही पूर्ण संख्येच्या वर्गाला ४ ने भागल्यावर ० किंवा १ उरतो. म्हणून दोन वर्गांच्या बेरजेची बाकी ३ कधीच येत नाही. सिडकोच्या ४,३१,००३ ची बाकी ३ आहे. ती दोन वर्गांची बेरीज होऊच शकत नाही. ४,३१,००१ ची बाकी १ आहे, पण तेवढ्याने काम होत नाही. अवयव पाहावे लागतात. ज्या मूळ संख्येला ४ ने भागल्यावर १ उरतो, ती दोन वर्गांची बेरीज असते, हे फ्रान्सच्या फर्मा यांनी १६४० मध्ये सांगितलं आणि पुढच्या शतकात ऑयलरने सिद्ध केलं. १७ = १ + १६. ३१३ = १४४ + १६९. उरला ३, त्याची बाकी ३, पण तो चार वेळा, म्हणजे सम वेळा आला आहे, म्हणून आड येत नाही.

दोन वर्गांच्या बेरजेला दोन वर्गांच्या बेरजेनं गुणलं तर उत्तरही दोन वर्गांची बेरीज असतं. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ च्या ग्रंथात दिलेल्या भावना-नियमाचं हे एक रूप. त्याने १७ × ३१३ = ५,३२१ चे दोन प्रकार मिळतात: ६४² + ३५² आणि ६१² + ४०². प्रत्येक संख्येला ९ ने गुणलं की

४,३१,००१ = ५७६² + ३१५² = ५४९² + ३६०².

आलेखाच्या कागदावर एका बिंदूपासून ५७६ घरं उजवीकडे आणि ३१५ वर जा, किंवा ५४९ उजवीकडे आणि ३६० वर जा. सुरुवातीच्या बिंदूपासूनचं सरळ अंतर अगदी सारखं भरेल. हे विधान लेखनपद्धत बदलली तरी बदलत नाही.

म्हणून हार्डींचा निकाल पूर्ण मान्य करावा का? तसं नाही. कापरेकरांच्या प्रश्नांनी पुढे खरं गणित घडवलं. लागोपाठ जास्तीत जास्त किती हर्षद संख्या येऊ शकतात? कर्टिस कूपर आणि रॉबर्ट केनेडी यांनी १९९३ मध्ये सिद्ध केलं: वीस; एकवीस कधीच नाहीत. हेच कूपर पुढे विक्रमी मूळ संख्यांच्या शोधातही पुढे होते. देवळाली संख्यांचं प्रमाण किती, यावर १९८२ मध्ये इटलीच्या उंबेर्तो झानिएर यांनी काटेकोर सिद्धांत दिला. आणि चार अंकी वजाबाकीतून ६१७४ ला पोहोचणारं मूल 'असं का होतं' हे विचारतं, तेव्हा ते सिद्धतेच्या उंबऱ्यावर उभं असतं. लेखनपद्धतीवर अवलंबून असलेली लक्षणं दारापर्यंत नेतात, अवयव आणि वर्ग आत घेऊन जातात. दोन्ही ओळखता येणं आणि त्यांतला फरक कळणं, हे गणिताचं शिक्षण.

हे सगळं प्रत्येक वाचकाला स्वतःच्या पिनवर करून पाहता येईल. अंकांची बेरीज करा आणि हर्षद आहे का पाहा. ९ च्या बाकीवरून जनक शोधा. सापडला नाही तर तुमच्या गल्लीला देवळाली संख्या मिळाली आहे. मग २, ३, ५, ७ पासून अवयव पाडायला बसा आणि शेवटी ४ ची बाकी तपासा. सहावी-सातवीच्या शिक्षकांनी वर्गातल्या मुलांच्या घरांचे पिन फळ्यावर लिहून घ्यावेत आणि एक तास या चार कसोट्यांना द्यावा. विभाज्यतेचे नियम, मूळ अवयव आणि वर्गसंख्या हे तीनही पाठ त्या एका तासात वापरून होतात.